वैद्यकी बाडांतील सालीचा पाठ : एक परीक्षा

१

जुन्या वाड्यांतील पेटारा उघडला म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम सनदा, महजर व वतनपत्रें यांकडे जातो. त्यानंतर पोथ्यांची पाळी येते. त्यांतही पुराणें, संतवाङ्मय आणि ज्योतिष यांस अग्रमान मिळतो. अगदीं तळाशीं तेलकट डागांचें, कडा झिजलेलें एखादें वैद्यकी बाड निघतें, आणि सूचींत त्याची बोळवण ‘किरकोळ औषधें, अपूर्ण’ एवढ्या तीन शब्दांवर होते. क्वचित् एखाद्या हौशी गृहस्थानें तें छापलेंच, तर निराळी आपत्ति ओढवते. अक्षर लागलें म्हणजे अर्थ लागला, अशा समजुतीनें तो मोडींतील ओळ बाळबोधींत उतरवितो, माषाचा मासा करितो, वत्सकाचा कुडा करितो, आणि सिद्ध कृति म्हणून ती वाचकाच्या हातीं देतो. पहिल्या पद्धतींत बाडाची उपेक्षा होते; दुसरींत वाचकाच्या जिवाशीं गांठ पडते.

या दोन्ही पद्धतींची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय मोठा असल्यामुळें तो औषधाच्या एकाच अंगापुरता, म्हणजे झाडाच्या सालीपुरता, मर्यादित केला आहे. सालच निवडण्यास कारण आहे. पान, फूल, फळ व बीज यांस स्वतःचा आकार असतो. तीं झाडापासून वेगळीं झालीं तरी आपली ओळख बरोबर घेऊन येतात. साल उतरली, वाळली व तिचे तुकडे झाले, कीं तिचें झाड हरवतें. बाजारांत जें घडतें तेंच पोथींतही घडतें. लेखकाच्या हातून सर्वांत अधिक घोटाळे होण्याची जागा हीच.

साल हा पोथीचा विषय आहे, तसेंच तें पोथीचें अंगही आहे, हें संग्राहकांस सांगणें नकोच. सन १८९० त मध्य आशियांतील कुचार येथें बॉवर यांस मिळालेली आणि हर्नले यांनीं १८९३ ते १९१२ या काळांत संपादून प्रसिद्ध केलेली जी विख्यात पोथी, तींत वैद्यकाचा मोठा भाग असून ती भूर्जाच्या सालीवर लिहिलेली आहे. त्या एका पोथीच्या पानापानाची छाननी विद्वानांनीं केली. आपल्या घरच्या बाडांस त्या छाननीचा शतांशही लाभलेला नाहीं.

२

प्रथम शब्दाकडे पाहूं. संस्कृतांत ‘त्वक्’ म्हणजे सामान्यतः कोणत्याही झाडाची साल. परंतु तोच शब्द दालचिनीचें विशेषनामही आहे. त्वक्, एला व पत्र मिळून होणारें त्रिजातक वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. समजा, एखाद्या योगांत ‘निंबत्वगेला’ असा समास आला. येथें कडुनिंबाची साल आणि वेलची अशीं दोन द्रव्यें घ्यावयाचीं, कीं कडुनिंब, दालचिनी व वेलची अशीं तीन? व्याकरणास दोन्ही विग्रह मान्य आहेत. निर्णय पुढील शब्दांवरून होतो: लगेच तमालपत्र आलें तर त्रिजातकाकडे कल, नाहीं आलें तर निंबाच्या सालीकडे. याहून पक्की कसोटी संख्येची. योगाच्या शेवटीं ‘हीं बारा द्रव्यें समभाग’ असें असेल तर मोजून पाहावें. अकरा भरलीं तर समास चुकीचा तोडला. एवढें साधें गणितही पुष्कळ भाषांतरकार करीत नाहींत.

मराठी बाडांत ही अडचण दुसऱ्या रूपानें उभी राहते. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत. ‘वडउंबरसाल’ अशी सलग ओळ आली म्हणजे साल दोन्ही झाडांची, कीं वडाचें दुसरें कांहीं अंग आणि साल एकट्या उंबराची? द्वंद्वाच्या अंतीं ऐकूं येणारें पद प्रत्येकाशीं जोडावें, हा शास्त्रीय न्याय येथें लावतां येईल. पण बाडाचा लेखक व्याकरण शिकलेला होताच असें नव्हे. अशा ठिकाणीं शार्ङ्गधरानें पूर्वखंडांत सांगितलेली परिभाषा उपयोगीं पडते. अंग सांगितलें नसेल तर मूळ घ्यावें. मूळ फार जाड असेल तर त्याची साल घ्यावी. आणि वड इत्यादि झाडांची साल, बिबळा इत्यादींचा गाभा, तालीस इत्यादींचीं पानें व त्रिफळा इत्यादींचें फळ घ्यावें, असा तिचा आशय आहे. म्हणून वैद्यानें नुसतें ‘वड’ लिहिलें तरी त्याच्या मनांत साल होती असें मानण्यास आधार आहे. मात्र संपादकानें ‘साल’ हा शब्द आपल्या पदरचा घातला तर तो कंसांत घालावा. मूळ पाठांत तो मिसळून टाकणें म्हणजे वैद्याच्या तोंडीं आपले शब्द घालणें होय.

३

दुसरी कसोटी मानाची, म्हणजे वजनमापाची. बाडांतील पाठ येथेंच सर्वांत अधिक बिघडतात, आणि येथेंच ते सर्वांत सहज सुधारतांही येतात. कारण आंकडा आंकड्याशीं ताडून पाहतां येतो.

शार्ङ्गधराच्या मागध मानांत ६ गुंजांचा १ माष आणि १६ माषांचा १ कर्ष. म्हणजे कर्ष ९६ गुंजांचा. आपल्या सोनारी मानांत ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा. म्हणजे तोळाही ९६ गुंजांचाच. तेव्हां ज्या मराठी लेखकानें ‘कर्ष’ याच्या जागीं ‘तोळा’ लिहिलें, त्यानें योग्य केलें. परंतु ज्यानें ‘माष’ याच्या जागीं ‘मासा’ लिहिलें, त्यानें प्रत्येक ठिकाणीं औषध एक तृतीयांशानें वाढविलें: चार माष म्हणजे २४ गुंजा, चार मासे म्हणजे ३२. आणि ज्यानें कर्षाचे १६ मासे केले, त्याचा कर्ष १२८ गुंजांवर गेला. साध्या सालीच्या काढ्यांत हें खपून जाईल; त्याच बाडांत पुढें बचनाग किंवा बिब्बा आला म्हणजे खपणार नाहीं. त्यांतून शार्ङ्गधरानेंच दुसरें कालिंग मानही दिलें आहे. त्यांत माष ८ गुंजांचा, पण कर्ष १० माषांचा, म्हणजे ८० गुंजांचा. म्हणून बाड छापणारानें प्रथम तें कोणत्या मानाचें आहे हें ठरविलें पाहिजे. आम्हीं पाहिलेल्या छापील संग्रहांत हा प्रश्न विचारलेला क्वचितच आढळतो.

आतां सालीचाच एक प्रसिद्ध योग घेऊं. शार्ङ्गधराच्या मध्यमखंडांतील कुटजावलेहांत कुड्याची साल १ तुला, पाणी १ द्रोण, आटवून चतुर्थांश राखावयाचें आणि त्यांत ३० पळें गूळ, असें आहे. तुला १०० पळांची, द्रोण २५६ पळांचा, आणि पळ ४ तोळ्यांचें. ८० तोळ्यांच्या पक्क्या शेरानें हिशेब केला तर साल ५ शेर, पाणी १२ शेर ६४ तोळे, उरलेला काढा ३ शेर १६ तोळे आणि गूळ दीड शेर. परंतु परिभाषेंत आणखी एक नियम आहे: कुडवापर्यंत द्रव व शुष्क यांचें मान सारखें, प्रस्थापासून पुढें द्रवाचें व ओल्या द्रव्याचें मान दुप्पट धरावें, तुलेचें मात्र कधींही दुप्पट करूं नये. या नियमानें पाणी २५ शेर ४८ तोळे होतें आणि काढा ६ शेर ३२ तोळे उरतो. पांच शेर सालीच्या तुकड्यांस पावणेतेरा शेर पाणी जेमतेम पुरतें. दुप्पट पाण्यांत ती नीट शिजते. द्रोणाचा शब्दशः हिशेब देऊन मोकळे होणारे भाषांतरकार येथें अर्धेंच पाणी सांगतात.

याच ग्रंथांतील कुटजारिष्टाशीं हें ताडून पाहावें. तेथें कुड्याचें मूळ १ तुला, बरोबर द्राक्षें अर्धी तुला, आणि पाणी ४ द्रोण. आटवून १ द्रोण राखावयाचें. भैषज्यरत्नावलींतील अशोकारिष्टांतही साल १ तुला व पाणी ४ द्रोणच आहे. म्हणजे तुलेस चार द्रोण हें अरिष्टाचें प्रमाण दिसतें आणि तुलेस एक द्रोण हें या चाटणाचें. अरिष्टाचें पाणी चाटणास किंवा चाटणाचें पाणी अरिष्टास लावलेलें आढळलें, तर दोन योगांची पानें एकमेकांत मिसळलीं असावींत असा संशय घेण्यास जागा आहे. सुट्या पानांच्या बाडांत हा संशय नेहमीं जागा ठेवावा.

आणखी एक बारीक गोष्ट. कांहीं द्रव्यें नेहमीं ओलींच घ्यावींत आणि ओलीं म्हणून त्यांचें मान दुप्पट करूं नये, असें शार्ङ्गधर सांगतो. त्या यादींत गुळवेल, अडुळसा, शतावरी यांच्याबरोबर कुडाही आहे. मग एखाद्या बाडांत ‘कुड्याची वाळली साल’ असें लिहिलें असेल तर तो प्रमाद म्हणावा काय? आमच्या मतें म्हणूं नये. वैद्याच्या हातीं बाजारांतून येणारी साल वाळलेलीच असे, आणि तो आपला व्यवहार लिहीत होता. संपादकानें तो पाठ जसाच्या तसा ठेवून शास्त्राशीं असलेला विरोध टीपेंत दाखवावा. शास्त्र एक सांगतें व व्यवहार दुसरें करितो, हीच तर इतिहासकारास हवी असलेली माहिती. ती ‘शुद्ध’ करून पुसून टाकणें यासारखी हानि नाहीं.

घरगुती मानाची तऱ्हा याहून वेगळी. बाळगुटींत मायफळ, हिरडा, मुरुडशेंग यांच्याबरोबर कुड्याचें पाळ सहाणेवर उगाळतात, आणि त्याचें मान वळशांनीं सांगतात: अमक्याचे दोन वळसे, तमक्याचे चार. वळशाचें वजन काढतां येत नाहीं. तें सहाणेच्या खडबडीतपणावर आणि उगाळणाऱ्या हातावर अवलंबून असतें. अशा ठिकाणीं वळशाचे गुंजांत रूपांतर करणारा संपादक केवळ खोटी अचूकता निर्माण करितो. मात्र ‘पाळ’ हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पाळ म्हणजे मूळ. शार्ङ्गधरानें अवलेहांत त्वक् व अरिष्टांत मूल असा जो भेद केला, त्यांतील मूलाचा भाग आमच्या आज्यांच्या गुटींत अजून राहिला आहे.

४

तिसरी कसोटी झाडाची, आणि तीच सर्वांत कठीण. कुड्याचेंच उदाहरण पुढें चालवूं.

आपल्याकडे कुडा म्हणून ओळखलीं जाणारीं झाडें एकाहून अधिक आहेत. पांढरा कुडा, ज्यास वनस्पतिशास्त्रांत होलॅऱ्हीना म्हणतात, त्याची साल व बीज अत्यंत कडू. काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, याचें बीज कडू नसतें. म्हणून बाजारांत इंद्रजवाच्या कडू व गोड अशा दोन जाती होतात. दोन्ही झाडांस चीक आहे, दोन्हींचीं फुलें पांढरीं आहेत, दोन्हींच्या शेंगा जोडीनें येतात. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्याच्या कोवळेपणीं टोकांशीं जुळलेल्या असतात. शेंगा असतांना भेद सोपा. सोललेल्या सालींत तो जिभेवांचून कळणें कठीण.

या घोटाळ्याचा परिणाम युरोपपर्यंत पोंचला. मलबारांतील आमांशावरील सालीची माहिती गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ त गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत आहे. १६७८ पासून निघूं लागलेल्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथांत ‘कोडगपाल’ या नांवानें हेंच झाड येतें. पुढें ‘कोनेसी साल’ म्हणून ती तिकडील औषधालयांत गेली. परंतु तींत राइटियाची निरुपयोगी साल मिसळूं लागल्यानें गुण येईना व तिची पत गेली, असें एकोणिसाव्या शतकांतील औषधिग्रंथकारांनीं नमूद केलें आहे. ‘आमांशघ्न’ या अर्थाचें विशेषण वनस्पतिशास्त्रज्ञांनीं दोन्ही वंशांतील झाडांस दिल्यानें नांवाचा गोंधळ आणखी वाढला. पांढऱ्या कुड्याच्या सालींतील कोनेसीन हें सत्त्व १८५८ त हेन्स यांनीं वेगळें केलें. सारांश, साल खरी होती. तिचें झाड हरवलें म्हणून ती खोटी ठरली.

आपल्या ग्रंथांत हा भेद नव्हता काय? होता. चरकाच्या कल्पस्थानांत वत्सकाचे पुरुष व स्त्री असे दोन प्रकार सांगितले आहेत: मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, स्निग्ध पानांचा तो पुरुष, श्याम वर्णाची, अरुण फुलांची, लहान फळें व देठ असलेली ती स्त्री. यावरून पुरुष म्हणजे पांढरा कुडा व स्त्री म्हणजे काळा कुडा, असें समीकरण आजकाल सरसहा मांडतात. येथें आमचा आक्षेप आहे. काळ्या कुड्याचें फूल पांढरें असतें, अरुण नव्हे. पिवळट-नारिंगी छटा राइटियाच्या दुसऱ्या एका जातींत, टोमेंटोझांत, दिसते. तेव्हां चरकाची स्त्री नेमकी कोणती, हा प्रश्न मिटलेला नाहीं. आणि मिटलेला नसतां भाषांतरांत ‘काळा कुडा’ छापणें म्हणजे प्रश्नच पुसणें. पाठ झाडाशीं ताडावा, हें आमचें म्हणणें. झाडासाठीं पाठ वाकवावा, असें नव्हे.

अर्जुनाची कथा अशीच आहे. मराठींत अर्जुनास अर्जुनसादडा म्हणतात आणि ऐनासही कांहीं भागांत सादडा म्हणतात. बाडांत नुसता ‘सादडा’ आला म्हणजे कोणता घ्यावा? येथें कोश मदतीस येतो. अमरानें अर्जुनास ‘नदीसर्ज’ म्हटलें आहे, आणि निघंटूंत त्यास ‘धवल’ असेंही नांव आहे. अर्जुन नदीओढ्यांच्या कांठचा, फिकट गुळगुळीत सालीचा, जिचे पापुद्रे सुटतात. ऐन डोंगरचा, काळपट, सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा. हृद्रोगावर अर्जुनाच्या सालीनें सिद्ध केलेलें दूध चक्रदत्तानें सांगितलें आहे. दुधाचा विधि शार्ङ्गधराच्या मतें असा: द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि दूध तेवढें उरेपर्यंत आटवणें. सादड्याच्या सालीबरोबर दुधाचा असा पाठ व हृद्रोगाचा अधिकार आला, तर अर्जुनाकडे निर्णय झुकतो. झाड, कोश व विधि तिन्ही एका दिशेस गेल्यावर मग कलम चालवावें.

पंचवल्कलाविषयीं थोडक्यांत. वड, उंबर, पिंपळ, पारीष व पिंपरी या पांच क्षीरी वृक्षांच्या साली, असें भावप्रकाशांत आहे. आणि पारीषाच्या जागीं कोणी शिरीष तर कोणी वेतस म्हणतात, हें भावमिश्रानें स्वतःच नोंदविलें आहे. शिरीषास चीक नाहीं म्हणून तो पाठ भ्रष्ट, असा शेरा मारण्याचा मोह संपादकास होतो. पण सोळाव्या शतकांतील ग्रंथकारानें जे तिन्ही पक्ष जपून ठेवले, ते विसाव्या-एकविसाव्या शतकांतल्यानें एका फटकाऱ्यानें काढून टाकण्याचें कारण नाहीं. उलट, एखाद्या बाडांत तिघांपैकीं कोणता आहे यावरून तें कोणत्या परंपरेचें, हें कदाचित् कळूं शकेल.

अशोकाचें प्रकरण मात्र आजच्या दिवसाचें आहे. रस्त्याकडेला उंच सरळ वाढणारें, लांब लाटदार पानांचें जें झाड लोक अशोक म्हणून ओळखतात, तो खोटा अशोक. ग्रंथांतील अशोक नारिंगी-तांबड्या गुच्छांचा, सीतेचा अशोक. खोट्याची साल खऱ्याच्या नांवानें विकली जाते. खऱ्या अशोकाची गणना आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादींत असुरक्षित झाडांत होते, आणि सालीसाठीं होणारी तोड हें त्याचें एक कारण आहे. सालीच्या आंतील थरांतून पानांचें अन्न मुळांकडे जातें. खोडाभोंवतीं पुरतें वेटोळें सोललें कीं मुळें उपाशीं पडून झाड मरतें. पाठ छापणारानें हें ध्यानीं ठेवावें: चुकीचें नांव छापलें तर रोगी फसतो, आणि बरोबर नांव बेपर्वाईनें छापलें तर झाड जातें.

५

काल व पात्र या चौथ्या कसोटीविषयीं दोनच मुद्दे. साल केव्हां काढावी? चरक म्हणतो शरद ऋतूंत. सुश्रुताचें मत म्हणून प्रावृट् ऋतूंत मूळ, वर्षांत पान, शरदांत साल अशी ऋतुवार यादी पुष्कळ पुस्तकांतून दिलेली असते. परंतु सूत्रस्थानांत ती यादी ‘कांहीं आचार्य असें म्हणतात’ या प्रस्तावनेनें येते, आणि लगेच तिचें खंडन होतें: जग सौम्य व आग्नेय असें द्विविध आहे, म्हणून सौम्य औषधें सौम्य ऋतूंत व आग्नेय औषधें आग्नेय ऋतूंत घ्यावींत, हा सुश्रुताचा सिद्धांत. पूर्वपक्ष सिद्धांत म्हणून उद्धृत करणें हा न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांतला दोष आहे. तो एका पुस्तकांतून दुसऱ्यांत असा उतरत आला आहे.

पात्र सांगितलें नसेल तर मातीचें घ्यावें, अशी परिभाषा आहे. तुरट साल लोखंडी कढईंत उकळली तर काढा काळा पडतो. हिरडा व हिराकस यांची शाई ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं; दोहोंत क्रिया एकच. मातीच्या पात्राच्या नियमामागें हाही अनुभव असावा. म्हणून एखाद्या बाडांत सालीच्या काढ्यास लोखंडाचें पात्र स्पष्ट सांगितलें असेल, तर तें औषधाचें पान आहे कीं शाईच्या किंवा रंगाच्या कृतीचें, हें आधीं पाहावें.

६

पांचवी कसोटी स्थळाची, आणि ती आमच्या गांवाच्या नांवावरूनच सांगतां येईल. सूचींत ‘प्राप्तिस्थान : खंडाळा’ एवढेंच लिहिलेलें असतें. कोणता खंडाळा? बोरघाटाच्या माथ्यावरचा खंडाळा पुणें जिल्ह्यांत; आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यांत, खंबाटकीच्या पायथ्याशीं, ज्यास लोक शेजारच्या पारगांवास जोडून पारगांव-खंडाळा म्हणतात. बोरघाट हा सह्याद्रीच्या मुसळधार पावसाचा सदाहरित रानाचा मुलूख. आमचा तालुका नीरेच्या खोऱ्यांतला, शिरवळ-लोणंदाच्या बाजूस उघडाबोडका, कमी पावसाचा. तिकडच्या रानांत जंगली दालचिनी सांपडेल. इकडे बाभूळ, तरवड, कडुनिंब आणि ओढ्याकांठचीं झाडें. ‘खंडाळा’ येथील बाडांत ‘त्वक्’ हा शब्द गांवच्या रानांतून आणावयाचा पदार्थ म्हणून आला असेल, तर दोन खंडाळ्यांत त्याचे दोन अर्थ होऊं शकतात.

तरवड व बाभूळ यांच्या सालीविषयीं येथेंच सांगणें बरें. या साली दख्खनेंत कातडें कमावण्यासाठीं वापरीत. विहिरीवर मोट चालत होती तोंवर अशा कमावलेल्या कातड्यावांचून शेतकऱ्याचें चालत नसे. तेव्हां बाडांतील प्रत्येक सालीची कृति औषधाचीच मानूं नये. वैद्य, चर्मकार, रंगारी व लेखक या चौघांचीही साल एकच असे. तोलाचें प्रमाण व शेवटचा पदार्थ पाहून ती कोणाची हें ठरवावें.

७

या कामास लागणारीं छापील साधनें कोणतीं, व त्यांचा गुणदोष काय? विष्णु वासुदेव गोडबोले यांचा १८६७ त मुंबईस प्रसिद्ध झालेला निघंटुरत्नाकर परंपरेचा मोठा संग्रह आहे. पर्यायशब्द व गुणधर्म यांसाठीं त्याला तोड नाहीं. परंतु पर्यायांची रास म्हणजे झाडाची ओळख नव्हे. निघंटु वाचणारानें झाड आधींच पाहिलेलें आहे, असें निघंटुकार गृहीत धरतो. डायमॉक, वॉर्डन व हूपर यांची १८९० ते १८९३ मधील ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ बाजारांतल्या मालाकडे पाहते, म्हणून भेसळ कळण्यास तीच अधिक उपयोगी. कुक यांची १९०१ ते १९०८ मधील मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची झाड अचूक सांगते व मराठी नांवेंही देते, पण तिला उपयोगाशीं कर्तव्य नाहीं. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या १९२७ च्या औषधिसंग्रहांत या दोन बाजू मराठींत एकत्र आल्या, हें त्याचें मोठें श्रेय. तथापि पाठभेदांची चर्चा हा त्याचा विषय नव्हे. ती निर्णयसागराच्या आवृत्त्यांच्या तळटीपांत शोधावी. शार्ङ्गधराची आढमल्लाच्या दीपिकेसह व काशिरामाच्या गूढार्थदीपिकेसह छापलेली आवृत्ति मानपरिभाषेसाठीं हाताशीं असलीच पाहिजे. एकाच साधनावर भिस्त ठेवणारा चुकणार. चारही समोर ठेवणारास निदान आपण कोठें अडलों हें कळेल.

८

शेवटीं संग्राहक बंधूंस विनंती. वैद्यकी बाड हातीं आल्यास सूचींत त्याचे योग मोजून लिहावेत. त्यांतील वजनांचीं नांवें जशीं असतील तशीं उतरून घ्यावींत. रूपांतर करावयाचेंच तर तें शेजारीं वेगळें लिहावें. प्राप्तिस्थानापुढें तालुका व जिल्हा लिहावा. पानांचा क्रम बदलला असल्यास जुना क्रम नोंदल्यावांचून नवा लावूं नये. बाडाच्या घड्यांत सालीचा तुकडा, बी किंवा मुळी सांपडली तर ती केर म्हणून झटकूं नये; कागदांत गुंडाळून, ज्या पानांत सांपडली त्याचा आंकडा घालून ठेवावी, म्हणजे जाणत्या वनस्पतितज्ज्ञास दाखवितां येईल. त्या घरांत गुटी उगाळणारी वृद्ध बाई हयात असल्यास तिला कुडा कोणता हें आधीं विचारावें. आणि ज्या योगाचें झाड, मान व अंग हीं तिन्ही निश्चित झालेलीं नाहींत, तो छापतांना ‘संशोधनार्थ’ असें वर स्पष्ट लिहावें, म्हणजे कोणी भोळा वाचक तो चुलीवर ठेवणार नाहीं.

इतकें केलें तर पेटाऱ्याच्या तळाशीं पडलेल्या या बाडांतून आपल्या प्रांतींचीं झाडें, बाजार, वजनें आणि रोग यांचा असा इतिहास बाहेर येईल, जो सनदांत व महजरांत सांपडणार नाहीं. सनदेचा लेखक राज्याची साक्ष देतो. बाडाचा लेखक आजारी माणसाच्या उशाशीं बसून लिहीत होता. त्याचा शब्द तितक्याच काळजीनें वाचला पाहिजे.